पिचरची रजा

"तुम्हाला कुणालाच पटणार नाही," पिठाच्या गिरणीतल्या बाकावर कोपर्डेकर तात्या म्हणाले, "पण संगणकातल्या बेसबॉल लीगमध्ये माझा संघ पहिला आला तो माणुसकीमुळे. माझा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, नुसता आकड्यांचा बनलेला. फायनलच्या आधी म्हणतो, तात्या, बहिणीचं लग्न आहे, रजा द्या. मी चक्रावलो. आकड्यांना बहीण कुठली? तरी दिली. परत येऊन त्यानं पडद्यावर बुंदीचे लाडू ठेवले."

शेजारी बसलेल्या ऊर्मिलाचाही लीगमध्ये संघ होता.

"रजा कुठली, तात्या? त्याच दुपारी त्याला मला देऊन माझा पिचर घेतलात, म्हणून जिंकलात. हा बिचारा रोज मला विचारतो, बहिणीचं लग्न लागलं का. काय सांगू त्याला?"