एक तारखेची पानं

“वहिनी, शेवटचं पान काढून द्या, म्हणजे बाई मोकळ्या,” धाकटा दीर म्हणाला. म्हणाला हसतच, पण वहिनींच्या खुर्चीच्या पाठीवरचा त्याचा हात काही हलेना.

तपासनीस बाई टेबलापलीकडे बसल्या होत्या. चहा नको म्हणाल्या होत्या. अठरा एप्रिलला या कारखान्यात बनलेल्या एका पाळण्याचा कठडा घसरला आणि सात महिन्यांचं बाळ खाली पडलं. हात मोडला, जीव वाचला. पाळणा फेब्रुवारीत विकलेला. ‘कठड्याची खीळ दर महिन्याला तपासावी’ ही सूचना आमच्या वेबसाइटवर पहिल्यापासून आहे, असं धाकट्याने बाईंच्या कार्यालयाला लिहून कळवलं होतं. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, एवढंच बाईंना बघायचं होतं.

“आजचं पान मी घरूनच पाहून आलेय,” त्या म्हणाल्या. “जुनी दाखवा.”

जुनी होती. वेबसाइटवरच्या तुटक्या लिंका सापडाव्यात म्हणून वहिनींनीच एक सेवा लावून ठेवली होती. दर एक तारखेला ती सगळी पानं चाळायची आणि दिसतील तशी साठवून ठेवायची. साठवलेलं हवं असलं, की तिच्यातल्या एआय एजंटला साध्या भाषेत लिहायचं. तो फाईल करून द्यायचा.

धाकट्याला हे ठाऊक होतं. आठवडाभर तो वहिनींच्या मागे लागला होता, की बंद करा ती सेवा, कशाला गळ्यात लोढणं. परवा सकाळी तर तो त्यांच्याआधी येऊन त्यांच्याच टेबलाशी बसला होता. त्या दारात दिसताच त्याने लॅपटॉपचा पडदा मिटला आणि “काही नाही, मेल बघत होतो” म्हणत उठला. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं वहिनींना तेव्हाच कळलं होतं.

त्यांनी टाइप केलं : साठवलेल्या पानांतून कठड्याच्या पाळण्याचं पान काढून द्या.

उत्तर आलं : डिसेंबर ते मे अशा सहा प्रती आहेत. सर्व काढू, की फक्त शेवटची?

“शेवटची,” धाकटा लगेच म्हणाला. “बाकीच्या काय, त्याच त्या.”

वहिनींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हा शाळेत होता. खोटं बोलायचं असलं, की कानाची पाळी चोळायचा. आता चोळत होता. गोड बोलून गिऱ्हाईक जिंकणारा माणूस. आज बाईंना जिंकायला निघालाय, आणि तेही माझ्या हातून. एकदाचा उघडा पडू दे.

त्यांनी लिहिलं : सर्व.

मिनिटभरात फाईल आली. सहा प्रती, एकाखाली एक. लाकूड, लांबी, रुंदी, रंग. डिसेंबर ते एप्रिल अक्षर न् अक्षर तेच. मे महिन्याच्या प्रतीत एक ओळ जास्त.

बाई टेबलाला वळसा घालून आल्या आणि उभ्यानेच वाचू लागल्या.

“म्हणजे विकला तेव्हा सूचना नव्हती,” त्या म्हणाल्या. “एक एप्रिललाही नव्हती. वेबसाइटवर कोण कोण लिहू शकतं?”

“आम्ही तिघं. मी, हे भावजी, आणि आमचे हे. पण ते नुसते फोटो टाकतात.”

बोलता बोलता वहिनींनी ती जास्तीची ओळ पुन्हा वाचली.

‘कठड्याचि खीळ दर महीन्याला तपासावि.’

आजच्या पानावर हीच ओळ शुद्ध होती. धाकट्याने ती नंतर नीट केली असणार, बहुधा परवाच. पण असं लिहिणारा माणूस या घरात एकच. मागच्या बाजूला कारखान्यात फळ्याफळ्यांवर पेन्सिलीने ‘डावि’, ‘उजवि’ लिहिलेलं असायचं आणि वीस वर्षं वहिनी त्याला हसत आल्या होत्या. थोरल्याचं, आपल्या नवऱ्याचं, नाव या सगळ्यात एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं.

“कुणी घातली ओळ?” बाईंनी पेन उघडलं.

“मी,” धाकटा म्हणाला. “अपघात झाल्यावर.”

“पूर्ण नाव सांगा.”

नाव सांगायच्या आधी तो वहिनींकडे वाकला. “शेवटचीच काढा म्हणत होतो ना मी,” तो हळूच म्हणाला. आवाजात राग नव्हता.

वहिनींना पुढ्यातली फाईल बंद करता आली असती. गप्प राहता आलं असतं. धाकट्याने तर स्वतःहून मान पुढे केली होती.

“बाई, लिहू नका ते,” त्या म्हणाल्या. उठल्या आणि मागचं दार ढकलून हाक मारली, “अहो, जरा बाहेर येता का?”

थोरला हात पुसत आला. त्याला कुणीच काही सांगितलं नाही. तो पडद्यापाशी वाकला, सहाव्या प्रतीतल्या त्या ओळीखाली बोट धरलं आणि शाळेतल्या पोरासारखा एकेक शब्द वाचत गेला.

“दादा, तू जा आत,” धाकटा म्हणाला.

“तू मध्ये पडू नकोस.” थोरला सरळ झाला. बाईंकडे न बघता, त्यांच्या वहीकडे बघत बोलला, “मीच लिहिली. बाळाला दवाखान्यात बघून आलो, त्या संध्याकाळी.” मग म्हणाला, “आधी लिहायला हवी होती.”

तपासनीस बाईंनी तेही लिहून घेतलं.