दहावा माणूस

चुनीलालभाऊंचं भाषण चाळिसाव्या मिनिटाला पुन्हा प्राचीन नंदुरबारात शिरलं, तेव्हा अब्राहामकाकांनी मंचावरची आपली माणसं परत एकदा मोजली. मुंबईहून आलेले नऊ ज्यू पाहुणे आणि दहावे ते स्वतः.

रेल्वेतून निवृत्त झालेले काका म्हणजे नंदुरबारचा अख्खा ज्यू समाज. मंच त्यांच्याच घरासमोर होता. भाऊंच्या वारसा समितीने त्या घरावर फलक ठोकला होता : ‘येथे पूर्वी ज्यू लोक राहत असत.’ काका अजून आतच राहतात, ही अडचण कोणाच्या ध्यानात आली नव्हती. आली असती तरी फलक रंगवून तयार होता.

काकांना फलकाशी काही देणंघेणं नव्हतं. मागल्या वर्षी त्यांची बायको मरियम गेली, तेव्हा तिच्यासाठी कदीश म्हणायचं राहून गेलं. मृतांसाठीची ही प्रार्थना दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही. मुलगा जोएल इस्राएलात आणि मुंबईला जायला गुडघे तयार नाहीत. ती सल त्यांना वर्षभर बोचत होती. आज दहा भरले होते, पण पाहुण्यांची गाडी साडेपाचला होती.

काकांनी भाऊंचा सदरा ओढला. “भाऊ, पाचच मिनिटं द्या. प्रार्थना...”

“काका, जरा दम धरा,” भाऊ माईकवर हात ठेवून म्हणाले. “तुमनी प्रार्थना कोठे पळी जाई ऱ्हायनी?” आणि ते ‘ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेचं महत्त्व’ या मुद्द्याकडे वळले.

सव्वापाच झाले. पाहुणे शाल-नारळ सावरत उठू लागले. उभ्या जन्मात कोणाचं बोलणं न तोडलेल्या काकांनी भाऊंच्या हातातला माईक काढून घेतला आणि कदीश सुरू केलं. नऊही जण जागीच थबकले, ‘आमेन’ म्हणू लागले. मरियम डोळ्यांसमोर आली आणि काकांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

प्रार्थना संपली. लोकांना वाटलं, सांस्कृतिक कार्यक्रम सुरू झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. भाऊ तर माईक गेल्याचंही विसरले. “वन्स मोअर!” ते ओरडले.

पाहुणे चपापले. काकांनी त्या नऊ जणांकडे पाहिलं. हे परत नंदुरबारला कशाला येतात! आपण गेल्यावर इथे दहा सोडा, एकही उरणार नाही. जिवंत माणसासाठी कदीश म्हणत नाहीत, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

काकांनी टोपी सारखी केली आणि पुन्हा सुरुवात केली. या खेपेला स्वतःसाठी.