स्टेम सेलवाले डॉक्टर

साथीच्या विषाणूनं स्टेम सेलवाल्या डॉक्टरांची दोन्ही फुप्फुसं धरली आणि ते स्वतःच्याच क्लिनिकच्या खाटेवर आडवे झाले. मोठ्या हॉस्पिटलची अँब्युलन्स आली, ती बायकोनं आल्या पावली परत पाठवली. स्टेम सेलच्या एका बाटलीत मरणपंथाला लागलेली माणसं उठून बसतात, असं ज्यानं गावभर भाषणं ठोकून सांगितलं, त्याला दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायचं? लोक तोंडात शेण घालतील!

कंपाउंडरनं फ्रीजमधली बाटली आणून स्टँडला लटकवली. ती बघताच डॉक्टरांनी ऑक्सिजनचा मास्क ओढून काढला.

"अगं, नको! अँब्युलन्स बोलव... त्यात नुसतं मिठाचं पाणी आहे!"

बायकोला भरून आलं. तिनं मास्क हळूच पुन्हा त्यांच्या तोंडावर बसवला, त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले आणि कंपाउंडरला म्हणाली, "तुम्ही चालू करा हो. हे नातेवाइकांना नेहमी सांगतात ना, ऑक्सिजन कमी पडला की पेशंट काहीबाही बरळतो. त्याचं ऐकत बसायचं नाही."