सुई, दोरा आणि सहा सिलिंडर

तात्यांच्या जुन्या मोटारीचं इंजिन कायमचं बंद पडलं. ते इतकं संथ चालायचं की त्यांच्या बायकोनं, यमुनाकाकूंनी, सांगली ते पुणे चालत्या गाडीत अख्खी गोधडी शिवली होती म्हणे. नवंही तसंच, एका रांगेतल्या सहा सिलिंडरचं, न थरथरणारं हवं, आणि इंजिन चालू असताना गाडीत बसून काकूंना सुईत दोरा ओवता आला पाहिजे, नाहीतर गाडी भंगारात, असं तात्यांनी जाहीर केलं.

रज्जाक मिस्त्रीनं दोन इंजिनं बसवून पाहिली. दोन्ही वेळा दोरा हुकला. "थरथरतंय," तात्या म्हणाले.

तिसरं बसवलं. मागच्या सीटवर काकूंनी एक डोळा मिटून नेम धरला. दोरा पुन्हा हुकला.

"हेही थरथरतंय. भंगारवाल्याला बोलव." तात्यांनी फर्मावलं.

"अहो, मिस्त्रींनी अजून चालू कुठं केलंय?" काकू पदराआड हसल्या. "या तिघांतलं पहिलंच बसवा, छान गुणगुणत होतं. आणि गाडी आधी चष्मेवाल्याकडं घ्या."