दोरीवरचा टॉवेल

तपास अधिकाऱ्याचा टॉवेल दिवसभर उन्हात असूनही वाळला नव्हता. शेजारचे कपडे केव्हाच कडक झाले होते.

“कोठडीत पोहायला शिकवता की काय?” आईने विचारलं.

तो हसला नाही. “संशयिताच्या तोंडावर टाकून वरून पाणी ओततो, आई. बॉम्ब कुठे ठेवलाय ते विचारतो.”

“सांगितलं त्याने?”

“रोज नवी जागा सांगतो. कुठेच काही सापडत नाही.”

“अरे, ठाऊकच नसेल त्याला. फोन करून थांबव ते.”

“आत्ता तिथे माझ्या सहकाऱ्याची पाळी आहे. आणि खरंच बॉम्ब असला तर? मेलेल्यांच्या घरच्यांना काय तोंड दाखवू?”

वारा पूर्ण पडला होता. सगळे कपडे स्थिर होते. टॉवेल मात्र मधोमध, तोंडाएवढ्या जागेत, आत ओढला जात होता आणि फुगून बाहेर येत होता.

आईच्या हातातले चिमटे खाली पडले. “काढ रे तो. गुदमरतोय.”

“आई, टॉवेल आहे तो.”

“बाळा, काढ म्हणते ना!”

त्याने टॉवेल खसकन ओढून काढला. त्याच्या हातातच टॉवेल एकदा खोल आत गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही.

आईने त्यावरून हलकेच हात फिरवला.

“वाळला बघ,” ती म्हणाली.