शेजारणीकडची पिशवी

घराला आग लागली तर आत शिरता येणार नाही, म्हणून गरजेच्या वस्तू भरलेली माझी पिशवी मी समोरच्या शिलाईवाल्या बाईंकडे ठेवली आणि त्यांची माझ्याकडे. पुढे जिन्यातल्या चपलांवरून आमचं वाजलं आणि बोलणं बंद झालं. पिशवी मागायला आधी कोणी जायचं, या हट्टापायी पिशव्या तीन वर्षं होत्या तिथंच राहिल्या.

काल दुपारी खालच्या मजल्यावर आग लागली. मी त्यांची पिशवी घेऊन धुरातून उतरले, त्या माझी घेऊन. रस्त्यावर पोचले आणि माझ्या छातीत कळ आली.

बाईंनी माझ्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं.

"वॉचमन, त्यांना सांगा, ही जिभेखाली धरा."

"त्यांना सांगा," मी धापा टाकत म्हटलं, "तीन वर्षांपूर्वीची गोळी आता काय कामाची?"

"त्यांना म्हणावं, आधी गोळी घ्या, मग तोंड चालवा."

घेतली. हळूहळू कळ थांबली, तेव्हा कुठे मी पाकिटावरची तारीख वाचली.

 

गोळ्या याच वर्षी बनलेल्या होत्या.