चालून दाखव

अंतराळस्थानकावर शाल्मलीला बघायला पृथ्वीवरून मंडळी आली होती. नवरामुलगा निषाद याच्या आत्याबाई पोह्यांची पुडी घ्यायला वाकल्या आणि तरंगत थेट छताला टेकल्या. तरी त्यांचा तोरा काही उतरला नाही.

"पाय लहानपणापासून लुळे आहेत म्हणे तुझे. जरा चालून दाखव बघू."

शाल्मलीला हसू आवरेना. या स्थानकावर कुणी कधी चालतच नसे. भिंतीला बोटानं रेटा देऊन ती सुळकन वर गेली, आत्याबाईंना सुलटं केलं आणि त्यांच्या तोंडावर आलेला पदर कमरेला खोचून दिला.

"आधी तुम्ही दाखवा ना, आत्या."

आत्याबाईंनी हवेत पाय झाडले, जागच्या जागी गिरकी खाल्ली आणि खदाखदा हसत सुटल्या.

"अरे निषाद, आपण पसंत आहोत का, ते विचार हिला!"